आवाज अडतो कुठे?

मिक्सरचे भांडे गळू लागले किंवा कुकरची शिट्टी वेळेवर होईना, की काय करायचे हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. आधी रिंग बघायची, मग शिट्टीत काही अडकले आहे का ते बघायचे, मग कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला, आणि अगदीच इलाज चालेना तेव्हा नवी वस्तू. हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. पण अलीकडे घरात काही वस्तू अशा येऊन बसल्या आहेत, की त्यांच्यापुढे आपले हे सगळे शहाणपण गप्प बसते. ‘ते तुझं काम नाही’ असे घरातलेही म्हणतात आणि आपणही ‘नाही तर नाही’ म्हणून मोकळ्या होतो. पैसे मात्र जातात ते घरखर्चाच्याच डब्यातून!

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात असाच एक प्रश्न उभा राहिला. हेडफोनचा स्वस्तातला ॲम्प काढून महागाचा घ्यायचा की नाही? तुम्ही म्हणाल, हा काय बायकांच्या मासल्याचा प्रश्न झाला? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण त्याचा माग काढता काढता आम्ही निराळ्याच ठिकाणी जाऊन पोचलो. कुणाच्या ना कुणाच्या घरी त्याचा उपयोग होईल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ही वस्तू म्हणजे काय ते सांगते. मोबाइलमधून किंवा सीडी-प्लेयरमधून निघणारा गाण्याचा विद्युत्-संकेत अगदी नाजूक असतो. लहान इअरफोन त्यावर सहज वाजतात. पण कान पूर्ण झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनांपैकी काहींना तेवढा जोर पुरत नाही. अशा वेळी मध्ये एक पेटी बसवतात. असते साधारण पोळ्यांच्या छोट्या डब्याएवढी. मागून संकेत आत, पुढून हेडफोन, आणि आवाज लहानमोठा करायला एक गोल बटण. ही पेटी म्हणजे हेडफोनचा ॲम्प्लिफायर. नळाला पाणी कमी जोराने येते तेव्हा आपण पंप बसवतो ना, तसेच हे. पंप पाणी तयार करीत नाही आणि गढूळ पाणी निवळूनही देत नाही. आहे तेच पुढे ढकलतो. एवढे ध्यानात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

तर आमचे मामंजी. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय ७४, रेल्वेतून निवृत्त. स्वतः कधी गायले नाहीत, पण ऐकण्याचा नाद जबरदस्त. बालगंधर्वांच्या तबकड्यांपासून केसरबाई केरकर, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व यांच्यापर्यंत कोणती चीज कोणी कशी मांडली हे त्यांना तोंडपाठ. ‘मी तानसेन नाही, कानसेन आहे,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. सासूबाई गेल्यापासून तर रात्री नऊ ते अकरा हा त्यांचा ऐकण्याचा वेळ म्हणजे घरातला एक नेमच झाला आहे. डोंबिवलीची आमची जागा दोन खोल्यांची. त्यात लेकीचा अभ्यास, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे तान्हे बाळ. म्हणून तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावजींनी त्यांना चांगले हेडफोन आणून दिले. सेनहायझरचे एचडी ६५०. हे मॉडेल २००३ साली निघाले आणि आजही जाणकार त्याला मानतात. त्याची बाहेरची बाजू जाळीची असते, त्यामुळे गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही, मोकळे वाटते. जोडीला नऊ हजारांचा साधा ॲम्प घेतला होता.

गेल्या जूनपासून अण्णांची कुरकुर सुरू झाली. ‘बटण फिरवलं की आवाज मोठा होतो, पण मोकळा होत नाही. तंबोऱ्याची जवारी पूर्वीसारखी लागत नाही. चिजेचे शब्दच कळत नाहीत.’ आणखी फिरवावे तर आवाज टोचतो म्हणायचे. दुकानात फोन करून विचारले, तर तिथला मुलगा म्हणाला, ‘काका, तो पहिल्या पायरीचा ॲम्प आहे. आता वरचा घ्या, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटेल.’ वरचा म्हणजे बत्तीस हजारांचा. अण्णा ठेव मोडायला तयार झाले. हे म्हणाले, ‘आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलं नाही त्यांनी. घेऊ या.’

मलाही ‘नको’ म्हणवेना. पण बत्तीस हजार म्हणजे माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचे तीन महिने! मी एवढेच म्हटले, ‘मला पंधरा दिवस द्या. आधी आवाज अडतो कुठे ते बघू.’

मी बी.ए.ची, शिकवते मराठी आणि इतिहास. वीज म्हणजे माझ्या लेखी फ्यूज उडाला की कुणाला तरी हाक मारायची, एवढेच. पण आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई मोठ्या हौशी. मधल्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे हेडफोन आणि ॲम्प यांची माहितीपत्रके ठेवली. त्यांनी डब्यातली भाजी बाजूला सारून वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तो तुम्हांलाही कळेल असा आहे.

हेडफोनच्या कागदावर होते : विरोध ३०० ओहम, आणि १ व्होल्ट दिला की आवाज १०३ डेसिबल. ॲम्पच्या कागदावर होते : ३०० ओहमच्या हेडफोनला १२० मिलिवॅट. व्होल्टचा वर्ग करायचा आणि ओहमने भागायचे, की वॅट मिळतात. सहाचा वर्ग छत्तीस, भागिले तीनशे, म्हणजे ०.१२ वॅट, म्हणजेच १२० मिलिवॅट. थोडक्यात, आमचा ‘पहिल्या पायरीचा’ ॲम्प ६ व्होल्टपर्यंत देऊ शकत होता. एकाचे सहा व्होल्ट झाले, की डेसिबलमध्ये साडेपंधराची भर पडते. म्हणजे ११८ डेसिबलच्या वर! बाई म्हणाल्या, ‘अहो, एवढ्या आवाजात माणूस हेडफोन भिरकावून देईल.’

मग नवा ॲम्प जास्त काय देणार होता? त्याच्या कागदावर आकडा होता ४८० मिलिवॅट. चौपट! वाचून छाती दडपते. पण कानाचा हिशेब निराळा असतो. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, चौपट केली की ६. आणि आवाज ‘दुप्पट झाला’ असे माणसाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. जाहिरातीतल्या चौपटीचे घरी येईपर्यंत एवढेसे होते.

बाईंनी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर दिला. मोबाइलवर एकसारखा वाजणारा, पूर्ण पातळीचा १०० हर्ट्झचा सूर लावून, अण्णा जिथे बटण ठेवतात तिथेच ठेवून व्होल्ट मोजायचे. (साधा मल्टिमीटर अशा खालच्या सुरालाच खरा आकडा दाखवतो, म्हणून सूर खालचा.) आकडा आला ३. म्हणजे सहातले तीन व्होल्ट अजून शिल्लक, डेसिबलमध्ये ६. नवा ॲम्प जेवढे जादा देणार, तेवढे जुन्याकडे आजच पडून होते आणि अण्णा ते वापरतही नव्हते. ज्या हंड्यात अजून अर्धे पाणी आहे, त्याला लहान कसे म्हणायचे?

हे ऐकून आमच्याकडचे म्हणाले, ‘जोर पुरेसा असेल, पण महागाच्या यंत्रात आवाजाची जातच वेगळी असते.’ मुद्दा खोटा नव्हता. ॲम्प वाईट असेल तर त्याची खरखर, घरघर आवाजात मिसळते. पण गेल्या काही वर्षांत स्वस्त ॲम्प पुष्कळ सुधारले आहेत, त्याची एक गंमतशीर हकिकत मला वाचायला मिळाली. २०११ साली एका अभियंत्याने आपले खरे नाव न सांगता ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाच्या हेडफोन ॲम्पचा सगळा आराखडा जगाला फुकट देऊन टाकला. भाग साधे, बाजारात सहज मिळणारे. मोजमापे घेऊन त्याने दाखवून दिले, की कितीतरी पट महाग यंत्रांच्या बरोबरीने हे उभे राहते. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, तो लिहायचा थांबला. तो कोण होता हे आजही जगाला माहीत नाही. पण त्यानंतर स्वस्त ॲम्प विकणाऱ्यांनाही ‘तुमची मोजमापे दाखवा’ असे गिऱ्हाईक विचारू लागले.

तरीही कागदापेक्षा कान खरा, असे म्हणून आम्ही घरीच परीक्षा घ्यायची ठरवली. यांच्या ऑफिसातल्या एका मित्राकडे तसाच महागाचा ॲम्प होता. शनिवार-रविवारपुरता त्यांनी तो आनंदाने दिला. बाईंनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती : दोन्हींचा आवाज मल्टिमीटर लावून अगदी सारखा करून घ्या. कारण दोन यंत्रांत एकाचा आवाज किंचितही मोठा असला, तरी आपल्याला तेच ‘जास्त स्वच्छ, जास्त जिवंत’ वाटते. तो मोठा आहे हे कळत नाही, बरा आहे एवढेच वाटते. दुकानात उभ्या उभ्या ऐकून पसंती करण्यात हा धोका असतो, बरं का.

अण्णांच्या डोळ्यांना पंचा बांधला. लेक पेट्या बदलणार, मी वहीत खुणा करणार. मन्सूरांचे एक ध्वनिमुद्रण लावून दहा वेळा विचारले, ‘आता कोणता?’ अण्णांची उत्तरे सहा बरोबर, चार चूक. माझी चार बरोबर. नाणे उडवले असते तरी एवढीच आली असती! यांनी पंचा बांधूनच घेतला नाही. म्हणाले, मला कळतं.

एवढ्यावर परीक्षा संपली असती. पण लेक हट्टाला पेटली, ‘मलाही ऐकू दे.’ ती तेरा वर्षांची, शास्त्रीय संगीताशी तिचे फारसे सख्य नाही. हेडफोन होते जुन्याच ॲम्पला लावलेले. दोन मिनिटे ऐकून तिने विचारले, ‘आजोबा, मागे सारखं बारीक झुणझुण काय वाजतंय? मधमाश्यांसारखं?’

अण्णांनी हेडफोन तिच्याकडून घेतले, कानाला लावले, बटण फिरवले. मग आणखी फिरवले. म्हणाले, ‘कुठे?’

तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर दोरा सरकवून जी जवारी लावतात, तिनेच ते झुणझुण उमटते. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या कितीतरी वरचे बारीक सूर त्यातून सतत निघत राहतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० साली नोबेल मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनाबद्दल, पण त्याआधी १९२१ मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्या याच गुणावर निबंध लिहिला होता. ती जवारी त्या रात्री आमच्या नऊ हजारांच्या पेटीतून लेकीला स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे ती ध्वनिमुद्रणात होती, ॲम्पमधून पार होत होती, हेडफोनमधूनही येत होती. तपासायचे राहिले होते ते शेवटचे ठिकाण. घरात कुणी काही बोलले नाही. लेकीला काय झाले ते कळेना.

मग मला एकेक गोष्ट आठवू लागली. तुमच्याही घरी असेल, तर ताडून बघा. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. फोनवर बोलताना अण्णा ‘हो हो’ म्हणायचे आणि मग मला विचारायचे, ‘काय म्हणाली ती?’ ‘सात’ म्हटले की ‘हात’ ऐकायचे. पंखा चालू असला आणि दोघेतिघे एकदम बोलू लागले, की उठून आत जायचे. आम्हांला वाटायचे, थकले असतील. आणि सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे, हळू बोलले तर ‘ऐकू येत नाही’ आणि मोठ्याने बोलले तर ‘ओरडू नका, बहिरा नाही मी!’

आता हे सांगायचे कुणी? ज्या माणसाचा सगळा अभिमान कानांत साठवलेला, त्याला सुनेने जाऊन सांगायचे, की अहो, ॲम्प ठीक आहे... दोन दिवस मी धीर गोळा करीत होते. शेवटी वहीच घेऊन त्यांच्यापुढे बसले. हिशेब दाखवला, व्होल्टचा आकडा दाखवला, सहा आणि चारच्या खुणा दाखवल्या. म्हटले, ‘अण्णा, यंत्रं सगळी तपासून झाली. एकदा कान तपासून घेऊ या का? ठेव काय, नंतरही मोडता येईल.’

‘म्हणजे मी बहिरा झालो म्हणतेस?’

‘मी काहीच म्हणत नाही. चष्म्याचा नंबर बदलला तर आपण बल्ब मोठा लावतो का?’

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना पानात काय हवे-नको तेही लेकीमार्फत. रात्री हेडफोनला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘तो कानाचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो?’

डॉक्टरांनी आधी डाव्या कानातला घट्ट झालेला मळ काढला. त्याने थोडा फरक पडला. (घरी काडी, हेअरपिन, गरम तेल असले काही कानात घालू नका, हे त्यांनी मला मुद्दाम बजावले. आपल्याकडे हे औषधोपचार फार चालतात ना!) मग एका बंद खोलीत बसवून ऑडिओमेट्री केली. २५० हर्ट्झच्या खर्जापासून ८,००० हर्ट्झच्या बारीक शिट्टीपर्यंत एकेक सूर ऐकवायचा आणि कुठला किती आवाजाला ऐकू येतो त्याची खूण कागदावर करायची. अण्णांची रेघ खालच्या सुरांत जवळजवळ ठीक होती. २,००० च्या पुढे ती जिन्यासारखी उतरत गेली. ४,००० ला ६० डेसिबलपर्यंत.

डॉक्टरांनी समजावले ते असे. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्यात आवाज टिपणाऱ्या अतिसूक्ष्म पेशी असतात. वयाबरोबर त्या झिजतात, आणि बारीक सुरांच्या आधी झिजतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ वगैरे, खालच्या सुरांत असतात. स, श, त, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या सुरांत. म्हणून माणसाला ‘आवाज’ ऐकू येतो, पण ‘शब्द’ लागत नाहीत. जवारीचे बारीक सूर हरवले तेही यामुळेच. आणि अशा कानाला हळू आवाज मुळीच पोचत नाही, पण एका मर्यादेच्या पुढचा आवाज मात्र एकदम बोचतो. अण्णा जे जूनपासून सांगत होते, ‘मोठा होतो पण मोकळा होत नाही’, ते शब्दन् शब्द खरे होते. फक्त ते ॲम्पचे वर्णन नव्हते.

मग मी वहीतला आणखी एक आकडा त्यांना दाखवला. ३ व्होल्ट म्हणजे गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी ११२ डेसिबल. सरासरी त्याच्या पंधरा-वीसने खाली धरली, तरी अण्णांच्या कानांवर रोज रात्री ९५ डेसिबलच्या आसपास मारा होत होता. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण असे आहे, की ८० डेसिबल आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, असे करीत ९५ ला आठवड्यात जेमतेम सव्वा तास उरतो. अण्णा ऐकत होते रोज दोन तास! उरलीसुरली श्रवणशक्तीही अशाने लवकर जाते, असे डॉक्टर म्हणाले. नवा ॲम्प आणला असता, तर बटण कुठवर गेले असते ते मी सांगायला नको.

पुढचे सगळे गोड गोड झाले, असे मी सांगणार नाही. श्रवणयंत्र एका कानाचेच नव्या ॲम्पहून महाग निघाले. ठेव मोडावी लागलीच. पहिले पंधरा दिवस यंत्र डबीतच जास्त राहिले. ‘भांडी आपटल्यासारखी ऐकू येतात’ ही तक्रार. (भांडी मीच आपटत होते, ती त्यांना आता ऐकू येऊ लागली एवढेच!) हळूहळू सवय झाली. आता आत्याबाईंचा फोन आला की तेच घेतात, आणि अर्धा अर्धा तास बोलतात.

गाणे मात्र यंत्रातून त्यांना अजून आवडत नाही. ही यंत्रे मुख्यतः बोलणे कळावे म्हणून बेतलेली असतात, गाणे त्यातून ओढूनताणून आल्यासारखे लागते. तपासणाऱ्या ताईंनी संगीतासाठी निराळी मांडणी करून दिली, त्याने थोडे सुसह्य झाले. रात्री मात्र अण्णा यंत्र काढून ठेवतात आणि हेडफोनच लावतात. त्या ताईंना विचारून लेकीने मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये वरच्या सुरांना थोडे वर केले आणि एकंदर आवाज पुष्कळ खाली आणला. ॲम्पच्या बटणावर मी माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला आहे. त्याच्या पुढे जायचे नाही. दोन तासांचा एक तास झाला. मी विचारले, ‘अण्णा, जवारी येते का?’ म्हणाले, ‘थोडी येते.’ मग म्हणाले, ‘पूर्वीची मला पाठ आहे.’

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. ॲम्प कधी बदलूच नये असे मी म्हणत नाही. आवाजाचे बटण शेवटपर्यंत नेऊनही गाणे बारीकच लागत असेल, तर बदलायला हवा. मात्र त्याआधी मोबाइलचा स्वतःचा आवाज पूर्ण वाढवलेला आहे ना, आणि ॲम्पवर ‘गेन’चे बटण असेल तर ते वरच्या खुणेवर आहे ना, हे बघा. गाणे थांबवल्यावरही कानात खरखर किंवा घूं आवाज येत असेल, अगदी हळू आवाजात एकाच कानात जास्त ऐकू येत असेल, बटण फिरवताना कुरकुर होत असेल, तरी बदलण्याचा विचार रास्त आहे. कमी ओहमच्या हेडफोनला ॲम्पचा आतला विरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा एक ढोबळ नियम आहे; तेही माहितीपत्रकात सापडते. यांतले काहीच नसेल, तर पैसे पेटीत घालू नका. हेडफोनच्या कानाला लागणाऱ्या गाद्या चेपल्या असतील तर आधी त्या बदला. आवाजात खरा फरक पडतो आणि खर्च थोडा.

जुन्या ध्वनिमुद्रणांकडून तर अवाजवी अपेक्षा ठेवूच नये. १९२५ पर्यंत सगळ्या जगात गवई भोंग्यापुढे तोंड करून गात आणि त्याच जोरावर तबकडी कोरली जाई. मायक्रोफोन त्यानंतर आला. त्या तबकड्यांत बारीक सूर मुळात उतरलेच नाहीत. कोणताही ॲम्प ते कुठून आणणार?

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. घरातले वडीलधारे टीव्ही, फोन, रेडिओ, हेडफोन यांना नावे ठेवू लागले, ‘हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात’ असे म्हणू लागले, की यंत्राच्या दुकानाआधी कानाच्या डॉक्टरांकडे चला. सरकारी रुग्णालयांतही ही तपासणी होते, आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामाची आहे. तपासणीला सुई नाही, दुखणे नाही, अर्धापाऊण तास लागतो. मुलांच्या कानांतही आता दिवसभर काही ना काही अडकवलेले असते. त्यांच्यासाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबल आहे, हेही लक्षात असू द्या.

अण्णांबरोबर मीही बंद खोलीत बसून माझे कान तपासून घेतले. ठीक आहेत. आता रात्री अण्णांचा तास झाला, की हेडफोन कधी कधी माझ्याकडे येतात. मीही आताशा जवारी ओळखायला शिकते आहे. कुठली चांगली लागली ते अण्णाच सांगतात.